नैराश्याची दोन घरे : लोकप्रिय चित्रपटातील मनोविकार, समाज आणि शुश्रूषा

मराठी वृत्तपत्रांत आत्महत्येच्या बातमीसाठी दोन ठरीव शब्दयोजना रूढ आहेत. मृत व्यक्ती शेतकरी असेल तर 'नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून' असे छापले जाते आणि शहरातील विद्यार्थी किंवा नोकरदार असेल तर 'नैराश्यातून' असे. पहिल्या प्रकारच्या बातमीत शेतकऱ्याच्या मनाची चौकशी नसते; दुसऱ्या प्रकारच्या बातमीत त्या तरुणाच्या भोवतालच्या परिस्थितीची नसते. वास्तविक 'नैराश्य' हा शब्द मराठीत दोन्ही अर्थांनी वापरला जातो. मनोविकारशास्त्रात ज्याला डिप्रेशन म्हणतात त्या आजारासाठी तो वापरतात (विषण्णता, अवसाद हे पर्याय उपलब्ध आहेत, पण ते पुस्तकांबाहेर फारसे रुळले नाहीत) आणि उद्याचा दिवस आजच्याहून बरा असणार नाही या समाजात पसरलेल्या भावनेसाठीही तोच वापरतात. भाषेने एकत्र ठेवलेले हे दोन अर्थ व्यवहारात वेगळे पडतात आणि लोकप्रिय चित्रपटातही ते तसेच वेगळे पडलेले दिसतात. ही फारकत कशी झाली आणि तिची किंमत पडद्यावरील कोणत्या पात्राने मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात काही हिंदी व मराठी चित्रपटांच्या आधारे केला आहे. 'जोकर' (२०१९) हा अमेरिकी चित्रपट तुलनेसाठी घेतला आहे, कारण ही फारकत मोडण्याचा अलीकडील काळातील सर्वांत गाजलेला प्रयत्न तोच होय.

चित्रपटातील रोगनिदान वैद्यकीयदृष्ट्या कितपत अचूक आहे याची छाननी मनोविकारतज्ज्ञ वेळोवेळी करीत आले आहेत. ती उपयुक्तच आहे. परंतु लक्षणे बिनचूक दाखवली की चित्रण यथार्थ झाले, असा एक समज तिच्यामुळे बळावतो. चित्रपट म्हणजे रुग्णाचा केसपेपर नव्हे. आजारी माणसाच्या भोवती कोण उभे आहे, त्याला आजारी कोणी ठरवले, त्याच्या औषधपाण्याचा, जेवणखाण्याचा भार कोणावर पडला, हे प्रश्न लक्षणांइतकेच महत्त्वाचे असतात. पुढील विवेचनात भर आहे तो या प्रश्नांवर.

'प्यासा' : वेडा कोणी ठरवायचा?

गुरुदत्त यांचा 'प्यासा' (१९५७) हा हिंदी चित्रपटातील सामाजिक निराशेचा सर्वांत ठळक आविष्कार मानला जातो. स्वातंत्र्याला दहा वर्षे होत असताना हा चित्रपट आला आणि नव्या राष्ट्राविषयीच्या उमेदीला त्याने जाहीरपणे नकार दिला, असे त्याच्याविषयी नेहमी लिहिले जाते. मात्र या चित्रपटाच्या उत्तरार्धात कवी विजय मनोरुग्णालयात जातो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. विजयचा कोट अंगावर असलेला एक भिकारी रेल्वेखाली सापडतो आणि विजय मेला असे सर्वजण धरून चालतात. त्याचा कवितासंग्रह प्रसिद्ध होतो, हातोहात खपतो. इकडे धक्क्याने मूक झालेला विजय रुग्णालयात पडून आहे. आपलीच कविता कोणी वाचताना त्याच्या कानी पडते आणि तो भानावर येतो. 'मी विजय' असे तो सांगू लागतो आणि नेमके त्याच क्षणी त्याला वेडा ठरवले जाते. प्रकाशक त्याची ओळख नाकारतो, मित्र नाकारतो, सख्खे भाऊ नाकारतात. मेलेल्या कवीच्या पुस्तकावर पैसा मिळत असताना जिवंत कवी कोणालाच नको आहे.

येथे वेड हा आजार नाही; तो इतरांनी दिलेला निकाल आहे. हा प्रसंग अतिरंजित वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या काळी भारतात १९१२ चा वेडेपणाविषयीचा कायदा लागू होता. त्यानुसार पती, पत्नी वा नातेवाईक यांच्या अर्जावर आणि वैद्यकीय दाखल्यांच्या आधारे दंडाधिकारी एखाद्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याचा आदेश देऊ शकत असे. हा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रद्द केला आणि तो नवा कायदाही प्रत्यक्षात १९९३ मध्ये अमलात आला. म्हणजेच नातेवाइकांच्या साक्षीला 'प्यासा'त जे वजन आहे ते पटकथेच्या सोयीसाठी आलेले नाही. ज्यांना त्याच्या शहाणपणाची अडचण होते त्यांच्याच साक्षीवर त्याचा वेडेपणा सिद्ध होतो, ही वस्तुस्थिती चित्रपटाने नेमकी पकडली आहे.

'प्यासा'त सामाजिक निराशा आणि वेड यांचे एकच घर आहे आणि त्या घराला गजाची खिडकी आहे. पुढील काळात ही दोन्ही वेगळी झाली. निराशेचे रूपांतर संतापात झाले. 'दीवार' (१९७५) मधील विजयच्या हातावर बालपणी गोंदवलेली बदनामी हा त्याच्या संतापाचा उगम आहे आणि त्याला समाज जबाबदार आहे, हे चित्रपट निःसंदिग्धपणे सांगतो. पण हा विजय कधीही आजारी पडत नाही. त्याच्या हाती गोदी येते, पैसा येतो, पिस्तूल येते. विषण्णता येत नाही. संतापलेल्या नायकाला मन असते पण मनोविकार नसतो, हा संकेत त्यानंतर दीर्घकाळ टिकला. ज्या मनोविकाराला समाजातून असे बाहेर काढले त्याला राहायला जागा मिळाली ती प्रेमकथेत.

प्रेमभंग आणि परिचारिका

मराठीत 'वेड' हा शब्द प्रेमाच्या पराकोटीसाठीही वापरतात; २०२२ च्या अखेरीस आलेल्या आणि अमाप चाललेल्या एका मराठी चित्रपटाचे नावच 'वेड' होते. दुसरीकडे 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला जागा आहे का बघा' अशा विनोदांत राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या गावांची नावे शिवीसारखी वापरली जातात. प्रेमाचे वेड भूषणावह आणि इस्पितळातले वेड हास्यास्पद, हा दुहेरी व्यवहार हिंदी चित्रपटाने फार चातुर्याने वापरून घेतला. नायकाला वेडाचे भूषण द्यायचे तर त्याचे कारण प्रेमच असले पाहिजे.

असित सेन यांचा 'खामोशी' (१९६९) हा या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचा चित्रपट होय. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या कथेवर सेन यांनी दहा वर्षांपूर्वी बंगालीत 'दीप ज्वेले जाइ' (१९५९) केला होता; त्यात सुचित्रा सेन होत्या, हिंदीत वहिदा रेहमान. मनोरुग्णालयाचे प्रमुख असलेले कर्नल एक प्रयोग करीत आहेत : प्रेमभंगातून वेडा झालेल्या पुरुषाला परिचारिकेने प्रेमाचा अभिनय करून बरे करायचे. राधा ही परिचारिका असा एक रुग्ण बरा करते. तो बरा होतो आणि निघून जातो. दुसरा रुग्ण येतो तेव्हा ती आधी नकार देते, नंतर स्वीकारते. तोही बरा होतो. शेवटी राधाच त्या रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल होते, कारण तिचा अभिनय हा अभिनय नव्हताच.

या शेवटाकडे सहसा शोकात्म प्रेमकथेची परिणती म्हणून पाहिले जाते. तो तसा आहेही. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी चित्रपटाला बहुधा स्वतःलाच पुरती उमगलेली नाही. राधा नोकरी करते. तिचे प्रेम हे तिचे काम आहे. त्या कामाला पगार आहे, वरिष्ठ आहे आणि त्याच्या अपयशाची जबाबदारीही आहे. रुग्णाच्या मनाची नोंद ठेवणारी वही रुग्णालयात आहे, परिचारिकेच्या मनाची नाही. कर्नल शेवटी आपली चूक कबूल करतात : त्यांनी परिचारिका पाहिली, स्त्री पाहिली नाही. वास्तविक त्यांनी परिचारिकाही धडपणे पाहिली नव्हती. शुश्रूषेने माणूस झिजतो, ही साधी बाब त्या प्रयोगाच्या आराखड्यात कोठेच नव्हती. आज ज्याला शुश्रूषकाचा ताण म्हणतात त्याचे इतके थेट चित्रण लोकप्रिय हिंदी चित्रपटात त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. आणि तरीही प्रेक्षकाच्या हाती दिला जातो तो त्यागाचा रुमाल.

'खिलौना' (१९७०) मध्ये हेच सूत्र अधिक निष्ठुर होते. प्रेयसीच्या मृत्यूमुळे वेडा झालेल्या विजयकमलला बरे करण्यासाठी त्याचा जमीनदार बाप एका तवायफेला पत्नीचे सोंग घेण्यासाठी पैसे देऊन घरी आणतो. वेडाच्या भरात नायक तिच्यावर बलात्कार करतो. ती गरोदर राहते. शुद्धीवर आल्यावर तो तिला ओळखतही नाही. वेड हे त्याच्या अपराधाचे क्षमापत्र ठरते आणि तिच्या सहनशीलतेची परीक्षा. संजीवकुमार यांच्या अभिनयाची वाखाणणी त्या काळी झाली ती योग्यच होती. पण ते कौशल्य कोणत्या नैतिक हिशेबासाठी खर्ची पडले, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

या मालिकेतील 'तेरे नाम' (२००३) हा चित्रपट कलादृष्ट्या विशेष दखल घ्यावा असा नाही. बाला यांच्या 'सेतु' (१९९९) या तमिळ चित्रपटावर तो आधारित आहे. एकतर्फी प्रेमातून मुलीला धमकावणारा नायक मेंदूला इजा होऊन वेडा होतो आणि प्रेक्षकाचा त्याच्यावरील राग वाहून जातो. तथापि एका कारणासाठी तो लक्षात ठेवणे भाग आहे. त्यात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवणारा आश्रम दाखवला आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी निवासात पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली. दोनच वर्षांनी आलेल्या चित्रपटात त्या साखळ्या केवळ नायकाच्या दुःखाची शोभा वाढवतात. नायकाशेजारी बांधलेले इतर जण कोण, त्यांना तेथे कोणी आणून सोडले, याविषयी कुतूहलसुद्धा नाही.

रासायनिक बिघाड आणि समुपदेशनाची खुर्ची

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चित्रपटात प्रेमभंगाची जागा मेंदूने घेतली. 'भूल भुलैया' (२००७) मध्ये भुताचे कोडे मनोविकारतज्ज्ञ सोडवतो. मूळ मल्याळी 'मणिचित्रताळ' (१९९३) प्रमाणे येथेही तो उपचारासाठी मांत्रिकाच्या विधीचे नाटक उभे करतो, म्हणजे विज्ञानाला श्रद्धेच्या मांडवातूनच आत यावे लागते. १५ वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात (२०२२) भूत हे खरोखरच भूत आहे आणि डॉक्टरची गरजच उरलेली नाही. या प्रवासावर स्वतंत्र लेख होऊ शकेल.

अधिक विचार करायला लावतो तो 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६). सर्वजण तो विनोदी चित्रपट म्हणून आठवतात. मुन्नाला महात्मा गांधी दिसतात आणि 'केमिकल लोचा' हा शब्द त्या चित्रपटापासून मराठी घरांतही रुळला. भासाला वैद्यकीय स्पष्टीकरण आहे हे चित्रपट लपवत नाही. मुन्नाला जे ठाऊक आहे तेवढेच त्याचे गांधी सांगू शकतात, हे एक मनोविकारतज्ज्ञ भर सभेत सिद्ध करतो. तरीही प्रेक्षक मुन्नाच्याच बाजूला राहतो. हा चित्रपट आशावादी म्हणून गौरवला गेला आणि गुलाबाची फुले देऊन निषेध करण्याची टूम काही काळ खरोखरच चालली. पण या आशेची अट काय आहे? सत्य आणि अहिंसा या गोष्टी मुंबईत शक्य आहेत त्या एका माणसाच्या भासामुळे. शहाण्या, निरोगी मेंदूला त्या सुचत नाहीत. ज्या समाजाला आपला सर्वांत मोठा नैतिक आधार रासायनिक बिघाडाच्या रूपानेच भेटतो त्याच्या मनात निराशा किती खोलवर असेल, हे या हसऱ्या चित्रपटाने नकळत नोंदवले आहे. सामाजिक निराशेची इतकी आनंदी कबुली अन्यत्र आढळणे कठीण.

'डिअर जिंदगी' (२०१६) मध्ये मनोविकार प्रथमच रोजच्या जगण्यातला झाला : झोप न लागणे, नाती तोडणे, कामातले मन उडणे. इस्पितळ नाही, विजेचे झटके नाहीत. गोव्यातील एक घर, एक खुर्ची आणि संभाषण. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेडे असणे नव्हे, हे या चित्रपटाने मध्यमवर्गीय घरांत नेऊन पोहोचवले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र नायिका गोव्याला जाते ती का? अविवाहित स्त्रीला भाडेकरू म्हणून ठेवायचे नाही, म्हणून मुंबईतील घर तिला सोडावे लागते. समाज येथे दारात येऊन उभा राहतो आणि चित्रपट त्याला तेथूनच परत पाठवतो. नंतरच्या सर्व बैठकांत दुःखाचे कारण मागे मागे जात बालपणी आईवडिलांनी आजीआजोबांकडे ठेवण्यापर्यंत येते आणि थांबते. घरमालकाचा विषय पुन्हा निघत नाही. आणि आठवड्याला समुपदेशनाची फी कोणाला परवडते, हा तर त्या जगातला प्रश्नच नव्हे.

'छिछोरे' (२०१९) या बाबतीत थोडा पुढे जातो. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत अपयश आल्याने मुलगा जीव देऊ पाहतो आणि बाप रुग्णशय्येशेजारी बसून आपल्या वसतिगृहातील पराभूतांच्या गोष्टी सांगतो. यशानंतर काय करायचे हे आपण मुलाला सांगितले, अपयशानंतर काय करायचे हे सांगितलेच नाही, ही बापाची कबुली हा चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक क्षण आहे. लाखो अर्जदार आणि मूठभर जागा हे गणितही चित्रपट मांडतो. पण ते बदलण्याचा विचार करीत नाही. हरणे खिलाडूपणे घ्यावे, एवढाच उपाय उरतो. गणित तसेच राहते आणि त्याच्याशी जुळवून घेण्याची जबाबदारी पुन्हा त्या मुलाच्याच मनावर येते.

'जोकर' : दोन घरांतील भिंत

टॉड फिलिप्स दिग्दर्शित 'जोकर'ला २०१९ च्या व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला आणि प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र असूनही जगभरात त्याने एक अब्ज डॉलरपेक्षा अधिक कमाई केली. त्याच्या यशाचे कारण वाकीन फीनिक्स यांचा अभिनय हे तर आहेच. परंतु मनोविकार आणि सामाजिक निराशा यांच्यामधील भिंत त्याने पाडली हेही आहे. आर्थर फ्लेक आजारी आहे, तो सात प्रकारची औषधे घेतो, त्याला नको तेव्हा अनावर हसू फुटते. त्याच वेळी शहरात कचरा साठला आहे, श्रीमंत उमेदवार गरिबांची टवाळी करतो आहे आणि महापालिकेने समाजसेवेचा निधी कापला आहे. आर्थर ज्या समाजसेविकेकडे जातो तिचे कार्यालय बंद होते. वरच्या लोकांना तुझ्यासारख्यांची पर्वा नाही आणि माझ्यासारख्यांचीही नाही, अशा आशयाचे ती त्याला सांगते. हे वाक्य महत्त्वाचे आहे. रुग्ण आणि त्याची काळजी घेणारी पगारी स्त्री यांना एकाच निर्णयाने वाऱ्यावर सोडले आहे, ही जाणीव 'खामोशी'च्या कर्नलना नव्हती.

शिवाय आर्थर स्वतःही शुश्रूषक आहे. वृद्ध, आजारी आईला तो भरवतो, न्हाऊ घालतो. या गोष्टीकडे चित्रपटावरील वादाच्या गदारोळात फारसे कोणी पाहिले नाही. औषधे बंद झालेल्या माणसाकडे दुसऱ्या रुग्णाचा भार आहे. आणि त्या शुश्रूषेचा शेवट तो आईच्या तोंडावर उशी दाबून करतो.

येथपर्यंत चित्रपटाची मांडणी समर्थ आहे. त्यानंतर तो ज्या वाटेने जातो ती मात्र जुनीच आहे. मनोरुग्णाची औषधे सुटली की तो खुनी होतो, हे समीकरण चित्रपट पक्के करतो. तीव्र मनोविकार असलेल्या व्यक्ती हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचा संभव अधिक असतो, हे मनोविकारशास्त्रात मान्य झालेले आहे. सामाजिक अन्यायाचा जाब विचारण्यासाठी आजारी माणसाच्या हाती पिस्तूल द्यावे लागते, याचा अर्थ निरोगी माणसे तो विचारतील यावर पटकथेचा विश्वास नाही. 'लगे रहो'मध्ये भासातून अहिंसा येते, 'जोकर'मध्ये आजारातून दंगल. दोन्हीकडे शहाण्यांकडून अपेक्षा ठेवलेली नाही. निराशा तीच. भिंत पाडण्याचे धाडस केलेल्या चित्रपटाने पडलेल्या विटा रुग्णाच्याच अंगावर टाकल्या, असे म्हणावे लागते.

अलका

मराठीत या विषयाला सातत्याने हात घातला तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी. 'देवराई' (२००४) मध्ये छिन्नमनस्कतेने ग्रासलेला शेष (अतुल कुलकर्णी) आहे आणि त्याला आपल्या घरी आणणारी बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) आहे. भावाची काळजी आणि स्वतःचा संसार यांच्यात तिची होणारी ओढाताण चित्रपट दुय्यम मानत नाही. 'कासव'ला २०१६ सालासाठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. त्यात जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या तरुणाला जानकी (इरावती हर्षे) कोकणातील समुद्रकाठच्या घरी आणते, त्याचे नावगाव न विचारता त्याला राहू देते. जानकी स्वतः याच आजारातून गेलेली आहे. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीलाही मन आहे आणि तेही दुखलेले असू शकते, हे येथे कथानकाचा पाया म्हणून येते. हा मोठाच पल्ला आहे. मनोविकारतज्ज्ञ असलेले अभिनेते मोहन आगाशे यांचा निर्माता म्हणूनही या चित्रपटात सहभाग होता, ही बाब येथे अप्रस्तुत नाही.

परंतु 'कासव'मधील शुश्रूषेला काही गोष्टी उपलब्ध आहेत : घर, गाडी, गाडीचालक, रिकामा वेळ आणि समुद्र. जानकीला उद्याच्या पैशाची विवंचना नाही. त्या तरुणाच्या दुःखाला कुटुंबाचा संदर्भ आहे; त्यापलीकडच्या समाजाचा पुसटच आहे. चित्रपट शांत आहे कारण त्या घराच्या दारात कर्जाचा तगादा येत नाही. हे दोष म्हणून नव्हे तर त्या चित्रपटाची कक्षा म्हणून नोंदवायचे. कोणत्या घरात ती कक्षा पुरणार नाही, हे पाहायचे तर सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) कडे वळावे लागते.

या चित्रपटाकडे आजवर शेतकरी आत्महत्यांवरील चित्रपट म्हणूनच पाहिले गेले आहे. मनोविकाराच्या चर्चेत त्याचे नाव येत नाही. विदर्भातील एका गावात शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला आहे आणि किसनाच्या (गिरीश कुलकर्णी) बायकोच्या, अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात भीती शिरते : आपला नवराही असेच काही करील. ती लहानग्या दिनूला बापाच्या मागे लावून देते, सासूला लक्ष ठेवायला सांगते, त्याला एकटे सोडत नाही, त्याच्या आवडीचे खाऊ घालते. किसना मात्र पेरणीच्या, पावसाच्या, पैशाच्या विवंचनेत असला तरी मरणाच्या विचारात नाही. सगळे घर आपल्या पाठीशी का लागले आहे हे त्याला कळत नाही, आणि त्यातून चित्रपटाचा काळा विनोद फुलतो. प्रेक्षक हसतो.

हसू ओसरल्यावर लक्षात येते की या घरात मनाने पोखरला गेलेला माणूस किसना नसून अलका आहे. तिच्या जिवाला चैन नाही. नवऱ्याला यायला उशीर झाला की तिच्या मनात एकच चित्र उभे राहते. दोरी, बाटली, विहीर अशा घरातल्या व शेतातल्या साध्या वस्तूंचा अर्थ तिच्यापुरता बदलला आहे. शहरातील एखाद्या नायिकेला असे झाले असते तर चित्रपटाने तिच्यासाठी खुर्ची आणि समुपदेशक आणला असता. अलकाच्या भीतीला आजार म्हणता येत नाही, कारण ती भीती खरी आहे. शेजारच्या अंगणात ती घडून गेली आहे. आणि ती निव्वळ परिस्थिती आहे असेही म्हणता येत नाही, कारण ती तिच्या झोपेत, स्वयंपाकात, मुलाशी बोलण्यात उतरली आहे. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेले नैराश्याचे दोन्ही अर्थ या एका बाईच्या ठिकाणी पुन्हा एकत्र आले आहेत. 'प्यासा'नंतर वेगळी झालेली घरे येथे जुळतात, तीही इस्पितळात नव्हे तर चुलीपाशी.

अशा घरांबाबत शासनव्यवहार कसा चालतो हे पाहणे उद्बोधक आहे. महाराष्ट्रात २००६ पासूनच्या निकषांनुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते ती मृत्यू 'पात्र' ठरल्यास. नापिकी, कर्ज आणि परतफेडीचा तगादा ही कारणे कागदोपत्री सिद्ध व्हावी लागतात. आजारपण, व्यसन, घरगुती कलह असे काही कारण दिसले तर प्रकरण 'अपात्र' होते. म्हणजे विधवेला समितीपुढे असे दाखवावे लागते की तिच्या नवऱ्याच्या मरणात मनाचा काही संबंध नव्हता. उलट, २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा (अंमल २९ मे २०१८ पासून) कलम ११५ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ उरलेले नाही. वाचलेल्या माणसाचे मन कायद्याला मान्य आहे. मेलेल्या शेतकऱ्याचे मन मदतीच्या फायलीला चालत नाही.

उपचारांची स्थिती तर याहून बिकट आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांच्या बाहेर होते. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण येथील चित्र फार वेगळे असेल असे मानण्यास आधार नाही. उपचारांबाहेरचा रुग्ण हवेत राहत नाही. तो कोणाच्या तरी घरात राहतो आणि त्याच्यासाठी कोणीतरी रात्री जागे असते. चित्रपटाने त्या जागणाऱ्या व्यक्तीला कधी परिचारिका केले, कधी तवायफ, कधी बहीण. तिला औषध म्हणून वापरले आणि बाटली रिकामी झाल्यावर बाजूला ठेवली. राधा दाखल झाली तेव्हा तिच्यावर कोणी उपचार केले, हे 'खामोशी' सांगत नाही.

मनवर यांनी अलकाला बाजूला ठेवले नाही. चित्रपटाची नजर बराच काळ तिच्या नजरेला जोडलेली राहते, आणि म्हणून रिकामे आभाळ, बांधावरून जाणारा पुरुष, त्याच्या मागे थोडे अंतर राखून चालणारे पोर ही साधी दृश्येही भयाने भरून जातात. किसना आभाळाकडे पाहतो, पोर बापाकडे पाहते, म्हातारी पोराकडे पाहते आणि अलका या तिघांकडे. अलकाकडे पाहायला त्या घरात कोणी शिल्लक नाही.